ज्याच्या-त्याच्या वेळेला प्रॅक्टिकल : पहिल्यांदाच शिकवणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी घरून केलेल्या सिंपल पेंड्युलमच्या प्रयोगात माझ्या बऱ्याच मुलांची ‘जी’ची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत १०.८ च्या आसपास आली. पुस्तकात ९.८. आधी वाटलं, एकमेकांचं बघून लिहिलंय. पण दोऱ्यांच्या लांब्या वेगळ्या, वेळा वेगळ्या, आणि चूक मात्र सगळ्यांची एकाच मापाची. दोन दिवस डोकं खाजवलं. मग एका मुलाने व्हिडिओ पाठवला, त्यात आवाज होता. त्याने लंबक सोडला आणि सोडतानाच म्हणाला, “एक.”

सोडताना ‘शून्य’ म्हणायचं असतं. ‘एक’पासून सुरुवात केली की ‘वीस’ म्हणेपर्यंत हेलकावे होतात एकोणीसच. कालावधी, म्हणजे एका हेलकाव्याची वेळ, पाच टक्क्यांनी कमी निघतो, आणि सूत्रात त्याचा वर्ग खाली असल्यामुळे ‘जी’ सुमारे अकरा टक्क्यांनी फुगतो. ९.७८ चे थेट १०.८.

कॉलेजच्या लॅबमध्ये ही चूक मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आले होते, आणि आपण ती दुरुस्त करतोय हे मला माहीतच नव्हतं. टेबलांमधून फिरताना कानावर “एक” पडलं की “अरे, झिरो म्हण” असं तोंडातून आपोआप निघून जायचं. प्रॅक्टिकल शिकवणं म्हणजे निम्म्याहून जास्त हेच असतं: चुकतंय त्या क्षणी तिथे असणं. मुलं आपापल्या घरी, आपापल्या वेळेला, कुणी रात्री अकराला शिफ्टवरून आल्यावर प्रयोग करणार असतील, तर तुम्ही त्या क्षणी तिथे नसता. म्हणून कुठे चुकणार हे आधीच ओळखून त्या जागी काहीतरी ठेवून यावं लागतं. पुढचं सगळं त्या ‘काहीतरी’बद्दल आहे.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं फिजिक्स शिकवते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच आहेत. केमिस्ट्री-बायोलॉजीवाल्यांना पद्धत तीच लागू पडेल, धोके मात्र वेगळे.

सुरुवातीआधी : विद्यापीठाला लेखी विचारा

हे कंटाळवाणं काम आहे, पण पहिलं तेच करा. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास धरतात. घरी केलेले तास त्यात धरणार का, जर्नल पीडीएफ चालेल का, परीक्षेला मुलांनी केंद्रावर यायचं का, ही तीन उत्तरं हातात असल्याशिवाय एकही वस्तू विकत घेऊ नका. दूरशिक्षण आपल्याकडे नवं नाही. इग्नू १९८५ पासून आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. पण प्रॅक्टिकलसाठी मुलांना अभ्यासकेंद्रावर बोलावून सलग काही दिवसांत उरकून घेण्याची पद्धतच जास्त रुळलेली आहे. ती वाईट नाही. स्पेक्ट्रोमीटर, सीआरओ (ऑसिलोस्कोप, विद्युत लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र), ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप या गोष्टींना दुसरा इलाज नाही. घरी काय होईल आणि केंद्रावर काय, याची वाटणी आधी करा. माझी वाटणी दहापैकी सात घरी आणि तीन केंद्रावर अशी आहे.

प्रयोग निवडताना ॲपरेटस विसरा

नवे लोक इथे हमखास अडकतात. ते लॅबमधल्या प्रयोगांची यादी काढतात आणि “याला घरी काय वापरता येईल” असा विचार करतात. उलटं करा. त्या प्रयोगातून मुलाच्या हाताला काय यायला हवं ते एका ओळीत लिहा. पेंड्युलमच्या प्रयोगात ‘जी’ची किंमत काढणं हे निमित्त आहे, ती किंमत सगळ्यांनाच पाठ असते. शिकायचं असतं ते म्हणजे एका हेलकाव्याऐवजी वीस हेलकाव्यांची वेळ का घ्यायची. बोटाने घड्याळ दाबण्यात अंदाजे ०.२ सेकंदाची चूक होते. एक मीटरच्या लंबकाचा कालावधी दोन सेकंद. एकच हेलकावा मोजला तर चूक दहा टक्के, वीस मोजले तर अर्धा टक्का. हे एकदा हाताला कळलं की मूल पुढे कुठलंही मोजमाप शहाणपणाने करतं. आणि याला पितळी गोळा, क्लॅम्प, स्टँड यांपैकी काहीच लागत नाही. दोरा, दाराची वरची चौकट आणि कुलूप पुरतं.

कुलपाचं मुद्दाम सांगते. मी आधी मुलांना जड नट वापरायला सांगायचे. एका मुलीने नट मिळाला नाही म्हणून कपाटाचं कुलूप टांगलं आणि दोऱ्याची लांबी गाठीपर्यंतच मोजली. खरी लांबी वजनाच्या मध्यापर्यंत धरायची असते, आणि कुलपाचा मध्य कुठे आहे कुणास ठाऊक! तिचा प्रयोग चुकला असं म्हणणार होते, तेवढ्यात तिचा आलेख पाहिला. एका अक्षावर लांबी, दुसऱ्यावर कालावधीचा वर्ग. रेषा सुरेख सरळ, फक्त शून्यातून जात नव्हती. मागे वाढवली तर लांबीच्या अक्षाला उणे तीन सेंटिमीटरला छेदत होती. म्हणजे कुलपाचा मध्य गाठीखाली तीन सेंटिमीटरवर. रेषेच्या चढावरून काढलेला ‘जी’ मात्र चोख, कारण सगळ्या लांब्यांत सारखीच असलेली चूक चढात येत नाही. मी तिला म्हटलं, आता कुलूप पेन्सिलीच्या कडेवर तोलून बघ, मध्य कुठे येतो ते. आला तीनच्या आसपास.

त्या वर्षापासून सगळ्यांना कुलूपच टांगायला सांगते. लॅबमधल्या गुळगुळीत पितळी गोळ्याने हा धडा कधीच दिला नव्हता.

आधी स्वतःच्या घरी करून बघा, आणि घड्याळ लावा

मुलांना जे सामान मिळणार तेच घेऊन, आपल्या जेवणाच्या टेबलावर, लॅब असिस्टंटच्या मदतीशिवाय प्रयोग करा. जिथे जिथे हात थांबेल तिथे वहीत खूण करा. तुम्हाला पंचवीस मिनिटं लागली तर मुलाला सत्तर लागतील असं धरा. शक्य असेल तर विज्ञानाशी संबंध नसलेल्या घरातल्या कुणाला तरी सूचना वाचून करायला सांगा आणि स्वतः तोंड बंद ठेवून बघत बसा. तोंड बंद ठेवणं जमत नाही, हे आधीच सांगते. माझ्या नणंदेने “लंबक थोडासा बाजूला नेऊन सोडा” हे वाचलं आणि कुलूप जवळजवळ आडवं नेलं. मग मी ‘थोडासा’ खोडून ‘एक मीटर दोऱ्याला एक वीतभर’ असं लिहिलं. साठ अंशांवरून सोडलं तर कालावधी सात टक्क्यांनी वाढतो. वीतभर म्हणजे दहा-बारा अंश, तिथे फरक अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही.

किट

घरी किट पाठवून विज्ञान शिकवण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी १९७१ मध्ये शिकायला लागले, तेव्हा त्यांना टपालाने प्रयोगाच्या पेट्या जात, त्यात छोटा मॅकआर्थर मायक्रोस्कोपसुद्धा असे. आज बायोलॉजीवाल्यांना कागदी घडीचा फोल्डस्कोप आहे. मनु प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने २०१४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि फोल्डस्कोपमधून १४० पट मोठं दिसतं. आपल्याकडे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने काढलेलं एक्सपाइज नावाचं खुलं उपकरण आहे, कॉम्प्युटरला जोडलं की ऑसिलोस्कोपचं काम करतं. पण सगळ्यांना पुरेल एवढा निधी मिळेपर्यंत थांबू नका.

माझ्या डब्यात असतं: साधा डिजिटल मल्टिमीटर, छोटा ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून सर्किट जोडायची भोकांची पाटी), पाच-सहा रेझिस्टर, चार एलईडी, मगरी चिमटे लावलेल्या वायरी, चार सेलचा होल्डर, मीटरपट्टी, दोरा, एक भिंग, आणि फ्यूज. फ्यूज विसरू नका.

त्या फ्यूजची गोष्ट अशी. ओहमच्या नियमाचा प्रयोग दिला आणि चार दिवसांत फोन सुरू झाले, “मॅडम, मीटर खराब निघालं.” व्होल्टेज बरोबर दाखवतंय, करंट मात्र शून्य. मीटर बिघडलेले नव्हते. मुलांनी करंटच्या रेंजवर असलेलं मीटर थेट सेलच्या दोन टोकांना लावलं होतं, व्होल्टेज मोजतात तसं. त्या रेंजवर मीटरला स्वतःचा विरोध जवळपास नसतो, सगळा करंट आतून जातो आणि आतला बारीक काचेचा फ्यूज जातो. लॅबमध्ये हे झालं की असिस्टंट दुसरं मीटर आणून ठेवतो आणि मुलाला कळतही नाही. आता डब्यात दोन जादा फ्यूज, एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर, आणि झाकणाच्या आतून चिकटवलेली चिठ्ठी: ‘व्होल्टेज: दोन टोकांना. करंट: वाट तोडून मध्ये. करंट शून्य आला तर फ्यूज बघा.’ फ्यूज बदलता येणं हेसुद्धा एक प्रॅक्टिकलच आहे, त्याला मी अर्धा मार्क देते.

सेल पाठवू नका, गावातल्या दुकानातून घ्यायला सांगा. पार्सलमध्ये सेलवरून कटकट होते, शिवाय प्रवासात ते एकमेकांना टेकून उतरून जातात. आम्ल, स्पिरिट तर टपालाने पाठवायचंच नसतं. आमच्याकडे दूरच्या गावांना डबे एसटी पार्सलने जातात. डेपोवरून आणायला घरचं कोण जाणार हे आधी फोन करून ठरवा. डब्यावर ‘काचसामान’ लिहिलं म्हणून कुणी हळू टाकत नाही. सगळं जुन्या टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळा, तो तुकडा पुढे टेबलावर अंथरायला कामाला येतो.

फोनवर किती अवलंबून राहायचं

फोनमध्ये सेन्सर असतात आणि जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे फुकट ॲप ते छान वापरतं. आवाजाचा वेग काढायचा प्रयोग मला फार आवडतो: दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवायचे, आवाजावर चालू-बंद होणारं घड्याळ दोन्हींवर लावायचं, एका फोनपाशी टाळी वाजवायची, मग दुसऱ्यापाशी. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला जाऊन-येऊन दहा मीटर जायला लागलेला वेळ, साधारण २९ मिलिसेकंद. त्यावरून वेग ३४५-३५० मीटर प्रति सेकंद निघतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो तसाच निघायला हवा.

पण दोन फोन लागतात, आणि पाच मीटरची शांत जागा. कित्येक घरांत फोन एकच असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर बाहेर. असा प्रयोग ऐच्छिक ठेवा. सगळ्यांना सक्तीचे ते प्रयोग, ज्यांना फोन फक्त फोटो काढायला लागेल.

सूचना : एक पान आणि चार मिनिटं

व्हिडिओत तुमचा चेहरा नको, हात दिसू देत. फोन तुमच्या खांद्यामागून, वरून खाली बघणारा असावा. डब्यांची चळत रचून त्यावर ठेवला तरी चालतं. समोरून शूट केलं की तुमचा डावा हात मुलाला उजवीकडे दिसतो आणि ब्रेडबोर्ड जोडताना सगळा घोळ होतो. चार मिनिटांच्या वर जाऊ नका. बोला मराठीतच. जर्नल इंग्रजीत लिहायचं असेल तर इंग्रजी शब्द सोबत येतातच.

एक चूक मुद्दाम करा आणि ती कॅमेऱ्यासमोर दुरुस्त करा. माझ्या व्हिडिओत एलईडी उलटा लावलाय, तो पेटत नाही, मी दोन सेकंद गप्प बसते, मग लांब पाय कुठला ते बघते. मुलांना यंत्र चालत नसताना माणूस काय करतो हे बघायची सवयच नसते. यूट्यूबवर सगळं पहिल्या झटक्यात पेटतं.

व्हिडिओबरोबर फोटो असलेलं एक पान द्याच, ज्यांचा डेटा संपलाय त्यांच्यासाठी.

थांबे : सगळ्यात महत्त्वाची पायरी

पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं वाचा. प्रयोग एका दमात करून शेवटी एकच फाइल पाठवायची, ही पद्धत ठेवू नका. प्रत्येक प्रयोगात तीन थांबे ठेवा.

पहिला थांबा, हात लावण्याआधी. ‘काय येईल असं वाटतं?’ याचं दोन ओळींत उत्तर. बरोबर असायची गरज नाही. दोरा चौपट लांब केला तर कालावधी किती पट होईल, याला बहुतेक जण ‘चौपट’ लिहितात. ते लिहिलेलं असलं की पुढे आलेख बघताना त्यांचा त्यांनाच धक्का बसतो.

दुसरा थांबा, मांडणी झाल्यावर आणि पहिली दोन रीडिंग घेतल्यावर. मांडणीचा एक फोटो, त्यात रोल नंबर आणि तारखेची चिठ्ठी. विद्युत प्रयोगात सेल जोडण्याआधीचा फोटो. दोन रीडिंग गुगल शीटमध्ये भरायची, आणि शीटमध्ये तुम्ही आधीच सूत्र घालून ठेवायचं. माझ्या शीटमध्ये कालावधीचा वर्ग भागिले लांबी असा रकाना आहे. लांबी मीटरमध्ये धरली तर तो चारच्या थोडा वर यायला हवा. शीट ‘चूक’ असं कधी म्हणत नाही, प्रश्न विचारते. एकच्या आसपास आलं तर: “जाणं आणि येणं मिळून एक हेलकावा धरलात ना?” ३.६-३.७ आलं तर: “सोडताना काय म्हणालात, शून्य की एक?” साडेचारच्या वर गेलं तर: “किती लांब नेऊन सोडलंत? वीतभर की हातभर?”

माझा कान मी असा त्या शीटमध्ये ठेवून आले. रात्री अकराला प्रयोग करणाऱ्या मुलाला उत्तर लगेच मिळतं, सकाळी मी उठेपर्यंत थांबावं लागत नाही. प्रत्येक प्रयोगाची अशी दोन-तीन ठरलेली चुकांची मापं असतात. पहिल्या वर्षी ती सापडत नाहीत. दुसऱ्या वर्षी मागच्या जर्नल्समधून आपोआप वर येतात. म्हणून पहिल्या वर्षाची जर्नल्स टाकून देऊ नका.

तिसरा थांबा, शेवटी: पूर्ण तक्ता, हाताने काढलेला आलेख, आणि ‘काय बिघडलं’ हा परिच्छेद.

रीडिंग ‘बनवणं’

हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. आपणही केलंय. सीनियरचं जर्नल आणायचं, उत्तर ९.८ धरायचं, आणि मागे मागे जात रीडिंग तयार करायची. घरून प्रयोग म्हटलं की पहिला आक्षेप हाच येतो. खरं सांगायचं तर लॅबमध्येही ते चालतंच, फक्त आपल्या डोळ्यांसमोर चालतं.

पोलिसगिरीपेक्षा रचनेने जास्त काम होतं. एक: प्रत्येकाची लांबी वेगळी. रोल नंबरचा शेवटचा आकडा चाळीसमध्ये मिळवायचा, तिथून सुरुवात, आणि बारा-बारा सेंटिमीटरने वाढवायचं. सातवाल्याच्या लांब्या ४७, ५९, ७१, ८३, ९५, १०७. मित्राचा तक्ता उतरवायचा तर सगळं पुन्हा मोजावं लागतं. तेवढ्यात प्रयोग होतो. दोन: खाडाखोड असलेल्या कच्च्या पानाचा फोटो सक्तीचा, आणि त्याला सर्वांत जास्त मार्क. स्वच्छ पान मला नकोच. तीन: उत्तर बरोबर येण्याला शून्य मार्क. दहापैकी अंदाज एक, मांडणी दोन, कच्ची रीडिंग तीन, आलेख आणि चूक किती असू शकते याचा हिशेब दोन, ‘काय बिघडलं’ दोन. ९.८ आल्याचा काहीच फायदा नाही म्हटल्यावर ते बनवायचं कारणच उरत नाही. सहकाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो. बाह्य परीक्षकांना तर आधी फोन करून सांगून ठेवा.

तरी कुणी बनवलंच, तर ते बहुधा ओळखू येतं. माणसाने खरोखर तीनदा वेळ घेतली तर वीस हेलकाव्यांत एक-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतातच. तिन्ही वेळा ४०.१२, ४०.१२, ४०.१३ असं असेल तर त्या मुलाला आरोप न करता एवढंच लिहा: “सहा लांब्यांपैकी कुठलीही एक पुन्हा करून व्हिडिओ पाठव, नव्वद सेकंदांचा.”

फोटोंबद्दल एक बारीक गोष्ट. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला शिकवा. गुगल फॉर्ममधून फाइल चढवायची तर मुलाला गुगल खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि फोन भावाचा असेल तर खातंही भावाचं असतं. म्हणून नावावर नाही, चिठ्ठीवरच्या रोल नंबरवर विश्वास ठेवा.

सुरक्षितता : इथे लवचिकपणा नको

लॅबमध्ये मेन स्विच तुमच्या हातात असतो. घरी नसतो. म्हणून माझे नियम सोपे आणि आडमुठे आहेत. भिंतीतल्या सॉकेटला काहीही जोडायचं नाही, फोनच्या चार्जरवरूनही नाही. फक्त सेल, तेही सहा व्होल्टपर्यंत. प्रयोगाच्या वेळी घरात एक मोठं माणूस जागं हवं. लहान भावंडं खोलीबाहेर. लेझर वापरलाच तर खाली बसून, डोळ्यांच्या उंचीवर कधीही नाही, आणि समोर आरसा किंवा स्टीलचं भांडं नको. जुन्या सीडीवरून लाल लेझर परावर्तित करून प्रकाशाची तरंगलांबी काढायचा प्रयोग सुंदर आहे, सीडीवरच्या रेघांतलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं आणि पहिला ठिपका साधारण चोवीस अंशांवर पडतो, पण मी तो केंद्रावरच करून घेते. शिवाय आता घरात सीडी सापडणंही मुश्कील.

केमिस्ट्रीवाल्यांनी हळद, कोकम, लिंबू, खाण्याचा सोडा, व्हिनेगर एवढ्यात बरंच काही होतं हे आधी तपासावं. शंभर मिलिलिटर चार टक्क्यांच्या व्हिनेगरला साडेपाच ग्रॅमच्या आसपास खाण्याचा सोडा पुरतो. वजनकाट्यावर सोडा थोडा थोडा टाकत फेस थांबेपर्यंत जाणं हे बऱ्यापैकी टायट्रेशनच आहे. पण फेस येणारं काहीही बंद बाटलीत करायचं नाही. आणि हे ठळक अक्षरात, प्रत्येक पानावर: टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. क्लीनरमध्ये बहुतेक हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ब्लीचशी मिळालं की क्लोरीन वायू सुटतो. प्रयोगाची भांडी पुन्हा स्वयंपाकात न्यायची नाहीत. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ हे डब्याच्या झाकणावर लिहा.

मुलांना सुरक्षिततेचे दहा प्रश्न द्या, आणि दहापैकी दहा येईपर्यंत पुढचं पान उघडू देऊ नका. आठ मार्कांना ‘छान’ म्हणायची ही जागा नाही.

सिम्युलेशन कधी?

सिम्युलेशन म्हणजे कॉम्प्युटरवरचा आभासी प्रयोग. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट या प्रकल्पाची कित्येक सिम्युलेशन्स मराठीत आहेत, आणि भारत सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्जमध्ये कॉलेज पातळीचं पुष्कळ आहे. फुकट आहेत, चांगली आहेत. प्रश्न क्रमाचा आहे. सर्किटचं सिम्युलेशन प्रयोगाआधी द्या; तिथे फ्यूज जळत नाही. पेंड्युलमचं मात्र नंतर द्या. आधी दिलं तर मुलाला स्वच्छ, बिनचूक आकडे मिळतात आणि मग कुलूप टांगायला कोण उठतंय? फोटोइलेक्ट्रिक परिणाम किंवा किरणोत्सर्ग यांच्यासाठी सिम्युलेशन हाच घरचा प्रयोग. त्याला ‘प्रात्यक्षिक’ म्हणायचं की नाही यावर आमच्या स्टाफरूममध्ये अजून वाद आहे. मी म्हणत नाही.

जोडीदार

लॅबमध्ये दोघं मिळून काम करतात, घरी मूल एकटं पडतं. ठरलेल्या वेळेला एकत्र आणणं शक्य नसतं. मी करते ते असं: रीडिंग एकाची, आलेख दुसऱ्याचा. साताऱ्याजवळच्या मुलाचा तक्ता पुण्यात रात्रपाळी करणाऱ्या मुलीकडे जातो, ती त्यावरून आलेख काढते. दोघांत बोलणं न होता तक्ता समजला पाहिजे. पहिल्याच वेळेला तिचा निरोप येतो, “तुझ्या लांबीच्या रकान्यात एकक नाही, सेंटिमीटर की इंच?” एकक लिहा म्हणून मी दहा वर्षं ओरडतेय, तिच्या एका निरोपाने जे होतं ते माझ्याने झालं नाही.

व्हायवा : तोंडी परीक्षा

ठराविक प्रश्न नकोत, उत्तरं ग्रुपवर फिरतात. ज्याच्या-त्याच्या तक्त्यावरून एकच प्रश्न काढा. “८३ सेंटिमीटरचा तुझा बिंदू रेषेच्या वर आहे. त्या वेळी काय वेगळं झालं असेल?” उत्तर चोवीस तासांत, दोन मिनिटांची व्हॉइस नोट, हव्या त्या भाषेत. एकाने सांगितलं होतं, “मॅडम, तेव्हा पंखा चालू राहिला होता.” एवढ्या उत्तराला पूर्ण मार्क.

तुमचा वेळ

चाळीस मुलं, एका प्रयोगाला दहा मिनिटं धरली तरी ४०० मिनिटं, म्हणजे आठवड्याला साडेसहा तासांच्या वर. हे वेळापत्रकात मागून घ्या, नाहीतर रविवार जातो. दुसऱ्या थांब्याला उत्तर अठ्ठेचाळीस तासांत द्यायचंच, तिसऱ्याला आठवडा चालतो. उलट केलं तर मूल चुकीच्या मांडणीवर सगळी रीडिंग घेऊन बसतं. वारंवार लागणारे शेरे एका फाइलमध्ये साठवा, पण शेवटची एक ओळ त्या मुलासाठी वेगळी लिहा.

मुलांसाठी सोमवार ते रविवार कधीही, पण रविवारी रात्री पडदा. कधीही म्हणजे कधीतरी नव्हे, हे पहिल्या आठवड्यातच स्पष्ट करा. उशीर झाला तर एक सवलत पूर्ण सत्रात, कारण न विचारता. कारण विचारलं की आजीला आजारी पाडतात.

किट परत घेताना

डब्यावर यादी चिकटवा आणि पाठवताना उघड्या डब्याचा फोटो काढून ठेवा. मल्टिमीटर हटकून चालू राहिलेलं परत येतं, त्यामुळे सेल काढून पाठवायला सांगा. परत आलेलं प्रत्येक मीटर करंटच्या रेंजवर तपासा, फ्यूज गेलेला असतो आणि सांगितलेलं नसतं. ब्रेडबोर्डच्या भोकांत तुटलेले एलईडीचे पाय अडकलेले असतात, ते बारीक चिमट्याने काढा. कुलपं मुलांचीच असतात, ती डब्यात आली तर किल्लीही आली का बघा. वायरी मोजत बसू नका. त्या कधीच पूर्ण परत येत नाहीत.